गाय पिसाळून मेली, आता मुलांना ‘मॅड काऊ’ होईल का?

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू शेती, बैलजोडी, दोन गायी आणि एक म्हैस आहे. मागच्या आठवड्यात आमची दुसऱ्या वेताची गवळाऊ गाय मेली. आधी तिने कुटाराला तोंड लावणे सोडले, मग सारखी लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला आणि ती रात्रभर हंबरू लागली. घशात काही अडकले असेल म्हणून यांनी दोनदा तिच्या तोंडात हात घालून पाहिला. तिसऱ्या दिवशी ती खुंट्याला शिंगे मारू लागली, मागचे पाय लटपटू लागले आणि पाचव्या दिवशी ती गेली. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा ती पडलेलीच होती. पिसाळल्यासारखी दिसते, असे ते म्हणाले. आम्ही तिला धुऱ्याजवळ खोल खड्ड्यात पुरले. दिवाळीच्या आधी आखरावर, म्हणजे गावची गुरे जमतात तिथे, एक कुत्रे गुरांच्या अंगावर गेले होते, असे गायकी (गुराखी) आता सांगतो. पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला आहे. त्यात म्हटले आहे की हा ‘मॅड काऊ’ आजार आहे, तो दूध आणि मांसातून माणसात येतो, दहा वर्षांनी मेंदूला भोके पडतात आणि त्यावर औषध नाही. आमची दोन्ही मुले त्याच गायीचे दूध पीत होती. शेजाऱ्यांनी आमचे दूध बंद केले, सासरे दुसरी गाय विकून टाका म्हणतात आणि म्हैस तर रस्त्याकडेची हाडे चघळते. मला रात्री झोप लागत नाही. काय करावे?
— एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दूरध्वनी क्रमांक होता, म्हणून या उत्तराचा पहिला भाग पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याला कळवला. तो थांबण्यासारखा नव्हता. इथे तो पुन्हा लिहीत आहे, कारण अशी गाय विदर्भातल्या कोणत्याही गावात कोणाच्याही कोठ्यात असू शकते.

आपण वर्णन केलेली लक्षणे, म्हणजे गिळता न येणे, लाळ, बदललेला आवाज, अंगावर येणे, मागचे पाय जाणे आणि आठवड्याच्या आत मृत्यू, ही सगळी रेबीजकडे बोट दाखवतात. त्यात कुत्र्याच्या घटनेची जोड आहे आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांचा संशयही तोच आहे. गाय पुरून आठवडा झाल्याने आता मेंदूचा नमुना तपासून खात्री करणे व्यवहार्य नाही. अशा वेळी गाय रेबीजनेच मेली असे धरून चालणे, एवढा एकच शहाणपणाचा मार्ग उरतो. व्हिडिओने आपल्याला दहा वर्षांनंतरची भीती दाखवली आहे, पण आपल्या घरातला खरा धोका या आठवड्यातला आहे आणि तो आधी आपल्या यजमानांना आहे.

त्यांनी गायीच्या तोंडात हात घातला ते दिवस कापूस वेचणीचे आहेत. वेचणी करणाऱ्या माणसाची बोटे पाहिली की बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी झालेले बारीक ओरखडे नखांच्या कडेला हमखास दिसतात, आणि रेबीजचा विषाणू लाळेत असतो. लाळ फाटलेल्या कातडीला किंवा डोळ्यांना, तोंडाला लागली तर ती गोष्ट चाव्याइतकीच गंभीर धरतात. म्हणून त्यांनी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन ‘पिसाळलेल्या गायीच्या तोंडात हात घातला होता, बोटांना ओरखडे होते’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते ‘गाय मेली’ एवढेच सांगू नये. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ या दिवशी देतात, आणि गरजेप्रमाणे डॉक्टर जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही देतात. एकही डोस चुकवू नये, मग वेचणीला बाई मिळो वा न मिळो. आठवडा उलटला म्हणून आता काय उपयोग, असेही म्हणू नये. माणसात हा आजार उमटायला बहुधा दोन-तीन महिने लागतात आणि लस त्याआधी आपले काम करू शकते. लक्षणे एकदा सुरू झाली की मात्र जवळजवळ कोणीही वाचत नाही. ज्यांनी गायीची धार काढली, तिला पाणी पाजले, पडलेली असताना तोंड पुसले, त्या सगळ्यांनी डॉक्टरांना भेटून आपापला संपर्क सांगावा. ज्याने केवळ अंगावरून हात फिरवला आणि ज्याची कातडी धड आहे, त्याला लस लागत नाही.

वाचकांपैकी कोणावर पुढे अशी वेळ आली तर लाळ लागलेली जागा किंवा चावा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. तिखट, चुना, तेल, हळद यांपैकी काहीही जखमेत भरू नये. आणि ज्या जनावराला गिळता येत नाही त्याच्या तोंडात उघडा हात घालू नये. जिवाला लावलेले जनावर तडफडत असताना हात आपोआप पुढे जातो हे मला समजते, पण गुरे पाळणाऱ्या माणसाचा पिसाळलेल्या जनावराच्या लाळेशी संपर्क येण्याची ही एक नेहमीची वाट आहे.

आता ‘मॅड काऊ’विषयी. भाच्याने पाठवलेला व्हिडिओ सगळाच खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यातली बरीचशी माहिती खरी आहे. फक्त ती दुसऱ्या देशातल्या, दुसरेच खाद्य खाल्लेल्या गायीची आहे.

हा आजार १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधील वेब्रिज येथील सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत प्रथम ओळखला गेला. बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एनसेफॅलोपॅथी, थोडक्यात बीएसई, असे त्याचे शास्त्रीय नाव आहे, कारण मेलेल्या गायीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो जाळीदार, सच्छिद्र दिसतो. या आजाराला जिवाणू किंवा विषाणू कारणीभूत नसतो. मेंदूतल्या एका नेहमीच्या प्रथिनाची घडी चुकते, आणि चुकलेल्या घडीचे ते प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखे करत जाते, जसे चमचाभर विरजण भांडेभर दुधाला आपल्यासारखे करते. अशा प्रथिनाला ‘प्रिऑन’ हे नाव अमेरिकेचे शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली दिले आणि या कामासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रिऑन शिजवल्याने, उकळल्याने नष्ट होत नाही. व्हिडिओत हे सांगितले असेल तर ते बरोबर आहे.

पण ब्रिटनच्या गायींत तो पसरला कसा, हा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि अशा व्हिडिओंत नेमका तोच गाळलेला असतो. तिथे दुधाळ गायींना प्रथिने जास्त मिळावीत म्हणून कत्तलखान्यातून उरलेले गुरामेंढरांचे अवशेष उकळून, चरबी काढून, वाळवून दळत आणि ती मांस-हाडांची भुकटी गायींच्याच खुराकात मिसळत. गवत खाणाऱ्या, रवंथ करणाऱ्या जनावराला अशा रीतीने त्याच्याच जातीचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू खाऊ घातला गेला. एका आजारी जनावराचे अवशेष हजारो पोत्यांत पोचले. १९८८ च्या जुलैमध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असे खाद्य देण्यावर बंदी आली, पण बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत गायीत सरासरी चार-पाच वर्षे जातात आणि बंदीनंतरही अशी भुकटी काही ठिकाणी खाद्यात मिसळली जात राहिली, म्हणून आजाराचा कळस नंतर आला. एकट्या १९९२ साली तिथे सुमारे ३७ हजार गायींत तो आढळला. आजवर ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गायींत त्याची नोंद झाली आणि साथ आवरण्यासाठी लाखो जनावरे मारावी लागली.

माणसाला धोका नाही, असे तिथले सरकार बराच काळ सांगत राहिले. १९९० साली कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला होता. पुढे २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डोरेल यांना संसदेत सांगावे लागले की दहा तरुण रुग्णांत मेंदूचा एक नवा आजार आढळला असून त्याचा संबंध गायींच्या या आजाराशी असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. त्या आजाराला व्हेरिअंट क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजेच व्हीसीजेडी म्हणतात. सुरुवात उदासी, चिंता, हातापायांत विचित्र वेदना अशी होते, पुढे तोल जातो, झटके येतात, स्मृती जाते आणि साधारण वर्ष-सव्वा वर्षात रुग्ण दगावतो. मृतांचे वय सरासरी तिशीच्याही आत होते. ब्रिटनमध्ये १७८ माणसे या आजाराने गेली. त्यावर इलाज नाही. बाधित अन्न खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जाऊ शकतात, हेही खरे आहे. सरकारी आश्वासनांवर लोकांचा विश्वास का बसत नाही, हे या प्रकरणावरून कळते, आणि आपण घाबरलात यात आपली काहीही चूक नाही.

तरीही आपल्या गायीला हा आजार नव्हता, असे मी ठामपणे लिहितो, आणि त्यासाठी आपण कोणा अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबावे असे म्हणत नाही. पहिली गोष्ट काळाची. बीएसई झालेली गाय आठवडे, कधी महिने खंगत जाते, ती दचकते, दूध आटते, चाल बिघडते. चांगली खातीपिती गाय पाच दिवसांत संपणे हे त्याचे रूप नाही. दुसरी गोष्ट आपल्या कोठ्यातच आहे. तिने जन्मभर काय खाल्ले ते आठवून पाहा : कडबा, तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार, सरकीची ढेप, तुरीची चुनी, धुऱ्यावरचे गवत. यात गुरांचा मेंदू नाही, हाडे नाहीत, मांस नाही. ज्या वाटेने हा आजार ब्रिटनमध्ये पसरला, ती वाटच आपल्या दावणीपर्यंत येत नाही. भारतात आजवर एकाही गायीत हा आजार नोंदला गेलेला नाही, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने या आजाराबाबत भारताला ‘नगण्य धोका’ असलेल्या देशांत गणले आहे. दूध व मांस देणाऱ्या जनावरांना मांस-हाडांची भुकटी असलेले खाद्य देऊ नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियमही आहे. त्यातून कोंबड्या, डुकरे आणि मासे वगळले आहेत.

या वगळण्यामुळे एक सूचना आवर्जून करतो. कुक्कुटपालन करणाऱ्या घरांत उरलेले कोंबडीखाद्य वाया जाऊ नये म्हणून गायीपुढे ओतण्याची सवय कुठे कुठे दिसते. ती पूर्ण बंद करावी, कारण त्या खाद्यात जनावरांचे अवशेष असू शकतात. त्याचप्रमाणे आपल्या भागात संत्र्याच्या बागेसाठी हाडांच्या चुऱ्याचे खत आणतात आणि ते पोते बहुतेक वेळा कोठ्याच्या कोपऱ्यातच पडून असते. गुरे पोते चाटतात. ते पोते कोठ्याबाहेर, गुरांच्या तोंडापासून दूर ठेवावे. अगदी म्हाताऱ्या गायीत हा आजार क्वचित आपोआप उद्भवल्याची उदाहरणे काही देशांत आहेत. अशी एखादी गाय निघाली तरी तिचे अवशेष दुसऱ्या गायीच्या पोटात गेले नाहीत तर ते प्रकरण तिथेच मिटते. आपल्याकडची खबरदारी ही एवढीच आहे, पण ती सोडून चालणार नाही.

मुलांच्या दुधाचा प्रश्न आपल्याला सर्वांत जास्त छळतो आहे, म्हणून त्याचे उत्तर दोन्ही आजारांसाठी वेगवेगळे देतो. बीएसईच्या बाबतीत संसर्ग मुख्यतः मेंदू, मज्जारज्जू, डोळे आणि आतड्याच्या काही भागात असतो. दुधातून तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने दूध व दुधाचे पदार्थ सुरक्षित मानले आहेत. म्हणजे ज्या देशात हजारो गायी या आजाराने मेल्या, तिथेही दूध हे कारण ठरले नाही. रेबीजच्या बाबतीत विषाणू उकळण्याने मरतो, त्यामुळे उकळलेले दूध, चहा, त्याच दुधाचे दही यांतून मुलांना धोका नाही आणि केवळ त्यासाठी त्यांना लस देण्याची गरज पडत नाही. मात्र कोणी धार काढताना कच्चे, धारोष्ण दूध प्यायले असेल तर ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. मुलांनाही जवळ बसवून शांतपणे विचारावे : गायीला हाताने चारा भरवला होता का, तिने हात चाटला होता का, हाताला तेव्हा काही लागलेले होते का? रागावल्यास मुले खरे सांगत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांनाही यजमानांबरोबर रुग्णालयात न्यावे. ही लस लहान मुलांना आणि गरोदर बाईलाही देता येते.

शेजाऱ्यांचे म्हणाल, तर त्यांच्याशी वाद घालू नये. दुसऱ्या गायीचे आणि म्हशीचे दूध, ती जनावरे धडधाकट असतील तर, उकळून पिण्यात काहीही धोका नाही, हे जनावरांच्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलेले बरे. त्याआधी त्याच शेजाऱ्यांच्या दृष्टीने एक अधिक निकडीची गोष्ट आहे. त्या दिवशी आखरावर त्यांचीही गुरे होती. कुत्रे कोणकोणाच्या जनावराच्या अंगावर गेले, हे गायक्याला विचारून घरोघर कळवावे, गायक्याला स्वतःला काही लागले होते का तेही विचारावे आणि ग्रामपंचायतीला लेखी द्यावे. कुत्रा चावलेल्या जनावरालाही चाव्यानंतर लस देतात. ती जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग होतो, उशिरा कळल्यास काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. गावात फिरते पशुवैद्यकीय पथक बोलवायचे असल्यास १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. या गायीचे वासरू असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आजारी गायही वासराला चाटत राहते. ते वासरू डॉक्टरांना दाखवावे, काही महिने वेगळे बांधावे आणि मुलांना त्याच्या तोंडात बोट देऊ देऊ नये.

म्हशीचे हाडे चघळणे हा बीएसईशी न जोडता सोडवण्याचा प्रश्न आहे. बहुतेक वेळा अंगात फॉस्फरस कमी पडला की जनावर हाडे, चिंध्या, माती चघळू लागते, आणि उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर, कुटारावर राहिलेल्या दुभत्या जनावरात हे जास्त दिसते. तिला जंताचे औषध आणि रोजच्या खुराकात खनिज मिश्रण द्यावे, मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. ही सवय मोडणे फार आवश्यक आहे, कारण मेलेल्या जनावराच्या सडक्या हाडांवर बोट्युलिझमचे विष तयार झालेले असू शकते. त्याने जनावराचे पाय जातात, जीभ लोंबते, गिळणे बंद होते आणि मृत्यू येतो. हाडाचा तुकडा घशात अडकतो तो वेगळाच. गावाबाहेर उघड्यावर मेलेली जनावरे टाकण्याऐवजी खोल पुरली, तर हाडेही रस्त्यावर येणार नाहीत आणि कुत्रीही तिथे जमणार नाहीत. आपण आपली गाय पुरलीत हे फार चांगले केले. ती जागा आता उकरू देऊ नये.

राहिला दुसरी गाय विकण्याचा विषय. सासऱ्यांना आदरपूर्वक सांगावे की आत्ता विकू नये. ती गाय त्या दिवशी आखरावर होती की नाही आणि तिला कुठे चावा आहे की नाही, हे स्पष्ट होईपर्यंत ती बाजारात नेणे म्हणजे हाच प्रश्न दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या दावणीला नेऊन बांधणे होईल. तिचे नाक, ओठ, पाय आणि कानाच्या पाळ्या उजेडात नीट पाहाव्यात, कारण कुत्रा बहुधा तिथेच चावतो आणि भरून आलेला चावा केसांखाली सहज दिसत नाही. तिला सध्या कळपात सोडू नये, घरीच चारापाणी करावे आणि पुढचे काही महिने रोज दोन गोष्टी पाहाव्यात : ती पाणी नीट गिळते का आणि तिचा आवाज नेहमीसारखा आहे का. यांत फरक वाटला तर धार काढणे थांबवावे, तिला एकटे बांधून दोर आखूड करावा आणि तोंडाला हात न लावता डॉक्टरांना बोलवावे.